आधी सुई स्वतःला



दर रविवारी मिस्सानंतर आम्ही चौघे आजाऱ्यांच्या भेटीला जातो. इथे बेळगावात एका मावशींकडे दोन वर्षे जात होतो. त्यांचे गुडघे फार दुखत. आम्ही प्रार्थना करायचो, चहा घ्यायचो आणि पुढच्या घरी निघायचो.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या हट्टावरून त्यांना अ‍ॅक्युपंक्चरच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी लगेच सुई घेतली नाही. चेहरा न्याहाळला, जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन बोटे ठेवून नाडी तपासली. मग विचारले, "झोप लागते का? जेवताना सोबत कोण असतं?" मावशी रडू लागल्या. यजमान गेल्यापासून त्या रात्री जेवतच नव्हत्या. आम्ही दोन वर्षांत हे एकदाही विचारले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "बघणं, ऐकणं, विचारणं, स्पर्श करणं, हे आम्ही आधी शिकतो. शरीरावरचे 361 बिंदू पाठ होतात, माणूस पाठ होत नाही. सुई आधी कागदाच्या घडीवर, मग स्वतःच्या पायावर टोचायची. ती कशी लागते हे आपल्याला कळायला हवं." हाडांच्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका, हेही त्यांनी बजावले.

1938 साली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या पथकात डॉ. बिजॉय कुमार बसू होते. पुढे ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली. सेवा करायला गेलेला डॉक्टर पुन्हा विद्यार्थी झाला!

घरी येताना मार्कच्या शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडित स्त्री आठवली. याईराची मुलगी मरणाच्या दारी होती, तरी प्रभू वाटेत थांबला आणि तिने सारी हकिकत सांगेपर्यंत ऐकत राहिला. आम्हांला मात्र पुढच्या घरची घाई! आणि आपले दुःख त्याने दुरून पाहिले नाही. आधी स्वतःच्या देहावर सोसले.

मावशींचे गुडघे अजून दुखतात, पण पूर्वीपेक्षा कमी. रविवारी रात्री आता आमच्यापैकी कोणीतरी त्यांच्याकडे जेवायला असते. घरे कमी होतात, पण भेट होते.

हे प्रभू, आम्हांला थांबायला आणि विचारायला शिकव. आमेन.