पायाशी लिहिलेला दोन

वाचकहो, आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात रासायनिक समीकरणांचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी ३२ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि समीकरणे संतुलित करण्याचा धडा दरवर्षी फळ्यावर मांडला. त्यातील एका समीकरणाचा खरा अर्थ मात्र मला निवृत्तीनंतर, स्वतःच्या न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर उभे असताना कळला. तो आपल्यापर्यंत पोहोचावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या पौषात नाशिकला कडाक्याची थंडी होती. पत्नीला संधिवाताचा जुना त्रास. न्हाणीघराच्या झरोक्यातून येणारा गार वारा तिला सोसवेना, म्हणून मी झरोक्यावर जाड पुठ्ठा बसवला. केले ते काळजीपोटीच. आत गॅसचा गिझर होता. पुढचे चार-पाच दिवस स्नानानंतर तिचे डोके दुखे, मळमळत असे. दुपारपर्यंत बरे वाटे, म्हणून आम्ही ते पित्तावर ढकलले.

सहाव्या दिवशी पाण्याचा आवाज थांबेचना. हाका मारल्या, उत्तर नाही. दाराला आतून कडी. शेजारच्या तरुणाने धक्के देऊन दार उघडले, तेव्हा ती फरशीवर पडलेली होती. आम्ही गॅस बंद केला आणि तिला बाहेर मोकळ्या हवेत आणले. रुग्णालयात नेताना मी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र लावले. आकडा आला ९८. मला धीर आला. डॉक्टरीणबाईंनी त्या आकड्यावर विसंबून न राहता एकच प्रश्न विचारला, “काका, न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे का?” पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, ते तेव्हा कळले; कारण पुढचे सारे मला ठाऊक होते.

पत्नी सावरली. काही महिन्यांनी दहावीतली नात वही घेऊन माझ्यापाशी बसली. तिला प्रोपेनच्या ज्वलनाचे समीकरण संतुलित करायचे होते. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन हेच वायू असतात. प्रोपेनच्या एका रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू. कार्बनपासून कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू होतात, हायड्रोजनपासून पाण्याचे ४. ऑक्सिजनची मोजदाद नेहमी शेवटी करावी. कार्बन डायऑक्साइडच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी लहानसा २ असतो; म्हणून तेथे ६ अणू, पाण्यात ४, एकूण १०. हवेतील ऑक्सिजनचे अणू जोडीने असतात, म्हणजे ऑक्सिजनचे ५ रेणू हवेत.

नातीने तो पायाशी लिहिलेला दोन मोजलाच नव्हता. तिच्या हिशेबाने ३ आणि ४ मिळून ७ अणू झाले. साडेतीन रेणू लिहिणे नको, म्हणून तिने सारे दुप्पट केले: प्रोपेन २, ऑक्सिजन ७. वास्तविक हवे होते १०. “आजोबा, जमलं ना?” तिने विचारले.

वर्गात असतो, तर लाल शाईने फुली मारली असती. त्या दिवशी मात्र वही हातात धरून मी स्तब्ध बसलो. प्रोपेनच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे सातच मिळाले, तर काय होते? हिशेब अडत नाही. ज्योत स्वतःच तो पायाशी लिहिलेला दोन खोडते. कार्बन मोनॉक्साइडचे ६ रेणू आणि पाण्याचे ८, असे समीकरण बिनचूक जुळते. एकही अणू हरवत नाही. वस्तुमान अक्षय्यतेचा लव्हाझिएचा नियम तसूभरही मोडत नाही. प्रत्यक्षात सारा गॅस असा जळत नाही. पण बंद खोलीत थोडा भाग असा जळला, तरी जीव घेण्यास पुरतो.

गॅस गळला तर वास येतो, कारण वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला या दोहोंतील भेद कळत नाही. माझा ९८ हा आकडा तसाच फसवा होता. साध्या हवेत श्वास घेतल्यास रक्तातील हा वायू निम्म्यावर येण्यास चार ते सहा तास लागतात. रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तेच काम साधारण एक ते दीड तासात होते. म्हणून अशा वेळी घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

घरात वृद्ध असतील, तर माझ्या चुकीतून एवढे अवश्य घ्यावे. गॅसचा गिझर न्हाणीघरात नसावा. मोकळ्या गॅलरीत किंवा घराबाहेर बसवावा. ते होईपर्यंत बादल्या आधी भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा आणि मगच स्नानाला जावे. झरोका थंडीतही उघडा ठेवावा. ज्येष्ठांनी आतून कडी लावू नये. स्नानानंतर पुनःपुन्हा डोके दुखत असेल, चक्कर येत असेल, तर त्याला पित्त म्हणून सोडून देऊ नये. कोणी बेशुद्ध आढळल्यास श्वास रोखून गॅस बंद करावा, दारे-खिडक्या उघडून त्यास तत्काळ बाहेर आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना गिझरविषयी आपण होऊन सांगावे.

नातीचे चुकलेले उत्तर मी खोडू दिले नाही. त्याच्याच खाली तिच्याकडून बरोबर समीकरण लिहून घेतले आणि दोहोंतील फरक तिला तिच्या आजीची हकिकत सांगून समजावला. ती उठली आणि पहिल्यांदा न्हाणीघराचा झरोका पाहून आली. आपणही हा अंक बाजूला ठेवल्यावर तेवढे करावे, ही विनंती.