चौकांचे शहर सव्हाना

अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, सव्हाना नदीकाठच्या उंच कड्यावर, त्याच नावाचे शहर वसले आहे. १७३३ च्या फेब्रुवारीत जेम्स ओगलथॉर्प शंभराहून अधिक इंग्रज वसाहतकारांसह येथे उतरला. भूमी यामाक्रॉ जमातीची. तिचा वृद्ध प्रमुख टोमोचीची याने नवागतांना आश्रय दिला. दुभाषी होती मेरी मस्ग्रोव्ह. ती व तिचा पती येथेच व्यापार करीत. म्हणजे शहराआधी तेथे दुकान होते!

ओगलथॉर्पची नगररचना आजही पाहणाऱ्याला मोहविते. मधोमध मोकळा चौक, त्याच्या दोन बाजूंस चाळीस घरांचे भूखंड आणि उरलेल्या दोन बाजूंस सार्वजनिक वास्तूंसाठी राखलेली जागा. हाच घटक पुन्हा पुन्हा मांडीत शहर वाढले. चोवीस चौकांपैकी बावीस आजही शिल्लक आहेत. सदाहरित ओक वृक्षांच्या फांद्यांवरून करड्या शेवाळासारख्या जटा लोंबतात आणि भर दुपारीही बाकांवर सावली असते. दर दोन-तीन मिनिटांनी नवा चौक येत असल्याने येथे घाईने चालणे जमतच नाही.

वसाहतीचा कारभार लंडनमधील विश्वस्तांकडे होता. त्यांना स्वतःसाठी तेथे जमीन घेण्यास मनाई होती. १७३५ मध्ये त्यांनी गुलामगिरी व रम दोन्हींवर बंदी घातली. तुती लावून रेशीम काढण्याचा त्यांचा बेत मात्र फसला. नदीपलीकडे गुलामांच्या श्रमावर भाताचे मळेवाले श्रीमंत होत होते. ते पाहून वसाहतकारांनी तक्रारी सुरू केल्या, आणि १७५१ मध्ये गुलामगिरीवरील बंदी उठली. तत्त्व अठरा वर्षेही टिकले नाही.

१७९३ मध्ये शहराजवळच्याच एका मळ्यावर एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनविले आणि कापसाचे युग आले. नदीकाठची दलालांची कचेऱ्यांची रांग, तिला कड्याशी जोडणारे लोखंडी पूल, जहाजांच्या भारासाठी आणलेल्या दगडांचे उतार हे सारे त्या वैभवाचे. त्याच वैभवाच्या काळात, १८५९ मध्ये, शहराबाहेरच्या शर्यतीच्या मैदानावर एका कर्जबाजारी मळेवाल्याची देणी फेडण्यासाठी चारशेहून अधिक स्त्री-पुरुष व मुले दोन दिवसांत लिलावात विकली गेली.

टोमोचीची १७३९ मध्ये वारला. त्याला एका चौकात सन्मानाने पुरले; खांदा देणाऱ्यांत ओगलथॉर्प स्वतः होता. १८८३ मध्ये त्याच जागी एका रेल्वे कंपनीच्या संस्थापकाचे स्मारक उभे राहिले. टोमोचीचीच्या नावाची शिळा आता त्याच चौकाच्या कोपऱ्यात आहे.