वारंगा फाट्यावरचा तिरळा शिपाई

नांदेडहून हिंगोलीला एसटीने जाणाऱ्याला वारंगा फाटा चुकत नाही. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या की थोड्याच वेळात हा फाटा येतो आणि इथे रस्ता फुटतो. एक हदगाव, उमरखेड, यवतमाळ करीत नागपूरकडे जातो. दुसरा आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला. फाटा कळमनुरी तालुक्यातला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तोवर इकडची माणसे पत्त्यावर 'जि. परभणी' लिहीत आणि कचेरीच्या एकेका कागदासाठी परभणीच्या खेपा घालीत. आता रस्ते रुंद झाले, गाड्या भरधाव झाल्या. पण फाट्यावर पाय उतार होऊन गरम खिचडी खाल्ल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा अनेकांचा नेम अजून मोडलेला नाही. आमचाही नाही.

परवा आम्ही असेच उतरलो. सोबत आमची भाची होती, थोरल्या बहिणीची मुलगी, वय तेवीस. धाकट्या बहिणीच्या मुलाच्या वाढदिवसाला दोघे हिंगोलीला निघालो होतो. (मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. "मामा, मी अर्धीच आलेय, तुम्ही पूर्ण," असे ती कंडक्टरसमोर म्हणाली आणि सारी गाडी हसली.) खिचडी आणि तळलेली मिरची संपवून आम्ही खेळण्यांच्या हातगाड्याकडे वळलो. वाढदिवसाला रिकाम्या हाताने कसे जायचे? बोटभर उंचीचा, बंदूक घेतलेला एक प्लॅस्टिकचा शिपाई आम्हाला आवडला. हात-पाय हलत होते. छातीवर पट्टे, डोक्यावर टोपी. किंमतही बेताची.

भाचीने तो हातात घेतला आणि कचेरीतला हेडक्लार्क फाईल चाळतो तसा उलटापालटा करून पाहिला.

"मामा, ह्याचं मास्क सरकलंय."

"कसला मास्क?"

"तोंडाला लावायचा नव्हे हो. पिसाचा. हे बघा, टोपीचा काळा कपाळावर उतरलाय. आणि डोळा बघा, पॅड तिरकं बसलंय."

आम्ही चष्मा काढून, जवळ धरून पाहिले. शिपाई खरेच तिरळा होता.

वाचकहो, ही मुलगी दोन वर्षे वसईच्या बाजूला एका गाळ्यात खेळणी रंगविण्याच्या लाइनवर होती. गाडी सुटायला अवकाश होता. हातगाड्याशेजारी उभ्याने तिने आम्हाला जे सांगितले ते आम्ही आजवर कुठे वाचले नव्हते.

आमची समजूत अशी, की अशी बाहुली कोणीतरी बसून कुंचल्याने रंगवीत असेल. तसे नाही. मुळात जितके रंगवायचे टाळता येईल तितके टाळतात. हिरव्या अंगरख्यासाठी प्लॅस्टिकचा दाणाच हिरवा घेतात, हातांसाठी कातडीच्या रंगाचा. वेगवेगळ्या रंगाचे अवयव वेगवेगळ्या साच्यांतून निघतात आणि मागाहून जोडले जातात. उरलेल्या बारीक जागांनाच रंग लावायचा. त्यासाठी त्या अवयवाच्या अंगावर तंतोतंत बसेल असा धातूचा पातळ मुखवटा करतात, तोच मास्क. विजेने मुलामा चढवतात त्या पद्धतीने तो बनतो. जिथे रंग हवा तिथे त्याला खिडकी कापलेली असते. अवयव मास्कमध्ये दाबायचा, स्प्रे गनचा एक फवारा, की बाहेर काढायचा. टोपीला एक मास्क, पट्ट्याला दुसरा, बुटाला तिसरा. एका मास्कने एकच रंग. काही पीस झाले की मास्कच्या कडांना रंग साचतो, मग तो थिनरमध्ये धुवायचा. धुतला नाही, किंवा घाईत नीट बसला नाही, तर रंग खिडकीबाहेर पसरतो. आमच्या शिपायाच्या कपाळावर पसरला होता तसा.

डोळ्यांची गंमत आणखी निराळी. ते फवाऱ्याने जमत नाहीत. पोलादी पट्टीवर डोळ्याचे चित्र खोलगट कोरलेले असते. त्यात शाई भरायची, वरची शाई पात्याने निपटून घ्यायची. मग सिलिकॉन रबराचा मऊ गोळा त्या पट्टीवर दाबला की चित्र उचलून घेतो आणि चेहऱ्यावर टेकला की तिथे सोडतो. गोळा मऊ असल्यामुळे नाकाडोळ्याच्या उंचसखल जागेवरही चित्र उमटते. कारखान्यात याला टॅम्पो म्हणतात. आधी पांढरे, मग बुबुळ, मग भुवई, प्रत्येकासाठी वेगळा ठसा. चेहरा केसभर हलला की बुबुळ पांढऱ्याच्या बाहेर जाते. "मी भुवईवर होते," भाची म्हणाली. "दिवसभर नुसत्या भुवया. अख्खं तोंड मी कधी केलंच नाही."

आमच्या वाड्यावस्त्यांत हे निराळ्या रीतीने ठाऊक आहे. १४ एप्रिल जवळ आला की रस्त्याकडेला बाबासाहेबांचे प्लास्टरचे अर्धपुतळे मांडलेले असतात. निळा कोट गनने मारलेला, पण डोळे आणि चष्मा हाताने काढलेले. म्हणून प्रत्येक पुतळ्याची नजर वेगळी. आमच्या सौभाग्यवती पाच-सहा पुतळे खाली ठेवून, नजर पसंत पडली तरच एक उचलतात. टॅम्पोच्या शिपायांत अशी निवड नाही. चुकला तरच तो वेगळा.

आम्ही बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकलो. नफा-तोट्याची गणिते सोडवली, पण त्यातला एकेक आकडा म्हणजे कुणाचा तरी हात असतो, हे त्या पुस्तकात नव्हते. शिपायाची पाठ उलटून पाहिली तर पट्टे कमरेशी थांबलेले. मागे कोरा हिरवा. बुटांचे तळ कोरे. खेळण्याचा खर्च ठरतो तेव्हा रंगाची प्रत्येक क्रिया मोजली जाते. एक फवारा एक क्रिया, एक ठसा एक क्रिया. किंमत आटोक्यात आणायची तर प्रथम पाठीचे रंग जातात, कारण दुकानात खेळणे पुढून दिसते.

हातातल्या शिपायावरून आम्हाला आमचे लहानपण आठवले. नांदेडच्या दुकानात काचेआड 'जी. आय. जो' नावाचे शिपाई टांगलेले असत. नाव अमेरिकेचे, पण ते बनत गोव्यात. टायरवाल्या एमआरएफची फनस्कूल ही कंपनी १९८७ साली निघाली आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीच्या परवान्याने तिने हे शिपाई कित्येक वर्षे इथे काढले. मूळ अमेरिकन शिपायापेक्षा गोव्याच्या शिपायाचे रंग पुष्कळदा वेगळे असत, कधी फारच भडक. आम्हाला ते काचेबाहेरूनच पाहता आले. आज परदेशातले शौकीन नेमके ते वेगळ्या रंगाचे शिपाई हुडकून संग्रही ठेवतात, याचे आम्हाला हसू येते. पुढे जगाच्या खेळण्यांचा मोठा भाग चीनमध्ये, मुख्यतः ग्वांगडोंग प्रांतात बनू लागला. तिथल्या लाइनींवरही खेड्यांतून आलेल्या तरण्या मुलीच फार.

ऑगस्ट २००७ मध्ये मॅटेल या बड्या कंपनीला चीनमध्ये बनलेली सुमारे १५ लाख खेळणी परत बोलवावी लागली. रंगात शिसे निघाले होते. पिवळा-तांबडा रंग भडक आणि टिकाऊ व्हावा म्हणून शिशाचे क्षार वापरण्याची खोड जुनी. लहान मूल खेळणे तोंडात घालते; शिसे थोडे थोडे पोटात गेले तरी त्याच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली. आम्ही शिपायाच्या पिशवीवर ती खूण शोधली. पिशवीवर इंग्रजीत दोन-चार शब्द होते, खूण नव्हती.

भाचीने अंगठ्याच्या नखाने छातीवरचा पिवळा पट्टा खरवडला. पापुद्रा सहज निघून नखात आला.

"पोराला हे नको मामा. त्याची बहीण दहा महिन्यांची आहे. ती चघळंल."

मग तिनेच एक ट्रॅक्टर काढला. वर रंगाचा थेंब नाही. लाल दाण्याचे लाल धूड, काळ्या दाण्याची काळी चाके. दाण्यात काय आहे ते तिलाही सांगता येईना, पण पापुद्रे तरी निघणार नाहीत, म्हणाली. हातगाडेवाला हिरमुसला. आम्हीच घासाघीस केली नाही. तोही बिचारा कुठून तरी डझनावर उचलून आणतो.

आता खरे सांगायचे ते सांगतो. वसईची ती नोकरी तिला आम्हीच लावून दिली होती. मंडळाच्या कामात ओळख झालेल्या एका माणसाला शब्द टाकला आणि पोरगी मार्गी लागली म्हणून समाधान मानले. पगार विचारला, राहण्याची सोय विचारली. गाळ्याला खिडकी आहे का, हे विचारले नाही. थिनरच्या वाफेने तिचे डोके रोज संध्याकाळी ठणकत असे. वास बाहेर ओढणारा पंखा बंद पडलेला, तोंडाला बांधायला घरची ओढणी. कागदावर ती कामगार नव्हतीच, ठेकेदाराची हेल्पर होती. दीड वर्ष ती हे बहिणीला सांगत राहिली आणि बहीण आम्हाला सांगायला भीत राहिली, कारण नोकरी भावाने लावलेली. आम्ही दर रविवारी दुसऱ्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे अर्ज फुकट लिहून देतो. आमच्या भाचीचे पासबुक आम्ही कधी मागितले नाही. हे तिने त्या दिवशी तोंडावर म्हटले नाही, पण खिचडीच्या टेबलावर विषय निघाला तेव्हा ती पाण्याचा पेला फिरवीत गप्प बसली, ते आम्हाला पुरेसे होते.

आता तोच ठेकेदार तिला परत बोलावतो आहे. दिवाळीचा माल भरायचा आहे, हात बसलेली मुलगी त्याला हवी आहे. घरी बसून तिलाही आठ महिने झाले. नांदेडला दुकानात पाच-सहा हजारांवर कोणी द्यायला तयार नाही. 'जाऊ नको' म्हणायचा आम्हाला तोंड नाही, 'जा' म्हणवत नाही.

कंडक्टरने हाक दिली. आम्ही ट्रॅक्टर पिशवीत टाकला. मागे पाहतो तो भाची पर्समधून पैसे काढीत होती. तिरळा शिपाई तिने स्वतःसाठी घेतला.

"कशाला गं?"

"असू द्या. भुवई बघा किती सरळ बसलीय."

गाडीत तिने तो खिडकीच्या कडेला उभा केला. आखाडा बाळापूरचा रस्ता लागतो न लागतो तोच तिचा फोन वाजला. ठेकेदारच होता. आम्ही खिशातून वही आणि पेन काढून तिच्या पुढ्यात धरले. तिने वही मांडीवर घेतली आणि त्याला विचारू लागली, पंखा दुरुस्त केला का, ओव्हरटाइम कसा धराल, फंड कापाल का, नाव हजेरीपटावर येईल का. एकेक उत्तर ती लिहून घेत होती. पंख्यापुढे तिने काय लिहिले ते वाचायला आम्ही मान तिरकी केली, तर तिने वही आमच्याकडे सरकवली आणि फोनवर म्हणाली, "थांबा, मामांना पण ऐकायचंय. पुन्हा सांगा."