पायांकडे बघत वाजवणारे

नोकरीसाठी डब्लिनला आले तेव्हा आयरिश नृत्य म्हणजे ‘रिव्हरडान्स’ एवढंच मला ठाऊक होतं. ३० एप्रिल १९९४ ला इथल्या पॉइंट थिएटरात, युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात तो पहिल्यांदा सादर झाला. बिल व्हेलनचं संगीत, पुढे जीन बटलर आणि मायकल फ्लॅटली, मागे एका ठोक्यावर पडणारी ओळभर पावलं. नंतर बसवलेला पूर्ण प्रयोग मी थिएटरात पाहिला, मनापासून आवडला. पण या संगीताशी माझं नातं जुळलं ते पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यातल्या मिल्टाउन मॅल्बे या छोट्या गावात.

विली क्लॅन्सी या गावचा. पेशाने सुतार, आणि इलन पाइप्स या आयरिश बॅगपाइपचा थोर वादक. १९७३ च्या जानेवारीत तो वारला. त्याच वर्षी त्याच्या नावाने इथे उन्हाळी शाळा सुरू झाली, ती आजही दर जुलैत भरते. सकाळी वर्ग, दुपारी व्याख्यानं, रात्री उशिरापर्यंत नाच. आठवडाभर गावात जिकडे जावं तिकडे कुणीतरी काहीतरी वाजवत असतं.

मी वादक नाही. तरीही पाइप्सच्या एका वर्गात मला कोपऱ्यात बसू दिलं. स्कॉटलंडच्या बॅगपाइपसारखी यात तोंडाने हवा भरायची नसते. वादक खुर्चीवर बसतो. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी, आणि मांडीवर टेकवलेली चँटर नावाची सूरनळी. तिच्यातून दोन सप्तकं निघतात. वरच्या सप्तकात जायचं तर पिशवीवरचा दाब नेमका वाढवावा लागतो. शेजारी तीन ड्रोन एकच स्वर अखंड धरून ठेवतात. सनईमागे सूर धरणारा जोडीदार असतो ना, तसं काम ते करतात, फक्त इथे तो जोडीदारही वादकाच्याच मांडीवर असतो. शिवाय रेग्युलेटर नावाच्या आणखी तीन नळ्या. बोटं चँटरवर गुंतलेली असताना मनगटाच्या कडेने त्यांच्या पट्ट्या दाबून स्वरमेळ द्यायचा. नवशिक्यांकडे मात्र भाता, पिशवी आणि चँटर एवढंच असतं. ड्रोन पुढे येतात, रेग्युलेटर त्याहूनही पुढे. सात वर्षं शिकणं, सात वर्षं सराव आणि सात वर्षं वाजवणं, तेव्हा कुठे पायपर तयार होतो, असं इथे म्हणतात. वर्ग पाहिल्यावर मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

शिक्षकांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली. मांडीवर चामड्याचा तुकडा असतो. चँटरचं तोंड त्यावर टेकलेलं असलं आणि सगळी भोकं बोटांनी झाकली, की आवाज क्षणात बंद होतो. म्हणूनच या वाद्यावर स्वर तोडून, टिपून वाजवता येतात. हे कशासाठी, ते मला त्या संध्याकाळी उमगलं.

पबमध्ये मंच नव्हता. टेबलाभोवती चार-पाच वादक, आणि त्यांच्यापुढे फरशीवर थोडीशी मोकळी जागा. सहा मात्रांची जिग ही नाचाची चाल संपवून पायपरने रील ही दुसरी चाल सुरू केली, तसे एक आजोबा खुर्चीवरून उठले. हात सैल, अंग ताठ नाही, पाय जमिनीपासून जेमतेम सुटणारे. टाच, चवडा, पुन्हा टाच. पायपरची नजर त्यांच्या बुटांवर खिळली. टाच पडायची तिथे तो स्वर तोडू लागला, आणि आजोबा त्या तुटलेल्या जागेत एक जादा ठोका भरू लागले. कोण कुणाची साथ करत होतं, हे सांगता येईना. रिव्हरडान्सच्या ओळीत अचूकपणाचं वैभव आहे, ते खरंच. पण असं परस्परांकडे बघून तिथल्या तिथे घडणं शेकडो प्रेक्षकांसमोरच्या मंचावर मावत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पाइप्सची ही परंपरा अगदी काठावर येऊन वाचली आहे. १९६८ मध्ये पायपरांनी ‘ना पीबरी इलन’ ही संस्था काढली तेव्हा उरलेल्या वादकांची संख्या शंभराच्या आत असल्याचं मानलं जात होतं. जॉनी डोरनसारखे वादक गावोगाव फिरून वाजवायचे. १९४७ मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण झालं म्हणून त्याची धावती शैली आज ऐकता येते. शेमस एनिस स्वतः पायपर, पण सायकलवरून हिंडून त्याने इतरांच्या चाली आणि गाणी टिपून घेतली. पुढे लिअम ओफ्लिनने प्लँक्स्टी या चमूतून हे वाद्य तरुणांपर्यंत नेलं. २०१७ मध्ये युनेस्कोनेही त्याची दखल घेतली.

आजचे कलावंत जुन्याकडे पाठ फिरवत नाहीत, याचा मला विशेष आनंद आहे. रिव्हरडान्समध्ये फ्लॅटलीची जागा घेणारा कॉलिन डन ‘आऊट ऑफ टाइम’मध्ये एकटा नाचतो, तेही जुन्या नर्तकांच्या चित्रफितींसोबत. डब्लिनचा लँकम हा चमू पाइप्सचे ते अखंड स्वर इतके जड आणि काळोखे करतो, की छाती दडपते.

आयर्लंडला याल तर मोठ्या प्रयोगाचं तिकीट जरूर काढा. पण जुलैत आलात तर मिल्टाउन मॅल्बेला जाच. आणि वाद्य हातात धरायची इच्छा झालीच, तर ‘ना पीबरी इलन’चं घर डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर आहे, शिकणाऱ्यांना तिथून पाइप्स उसनेही मिळतात.