खांद्यावरची पिन

सकाळी निऱ्या एका हातात घट्ट धरलेल्या असतात, दुसऱ्या हाताने पदराच्या घड्या जुळवणं चाललेलं असतं, आणि ती असते माझ्या तोंडात. दोन ओठांमध्ये आडवी, बंद, थंडगार. आईही तिला तिथेच धरायची. दोन्ही हात साडीत गुंतले की तिला ठेवायला दुसरी जागाच कुठे असते? जिभेला लोखंडाची किंचित तुरट चव लागते आणि माझा ऑफिसचा दिवस सुरू होतो.

दिसायला सेफ्टी पिन म्हणजे दीड इंचाची तार. एका टोकाला वेटोळं, दुसऱ्या टोकाला टोपी. पण तिचा सगळा स्वभाव त्या वेटोळ्यात आहे. तार तिथे वळवलेली असते म्हणून ती सतत उघडायला बघते, आणि उघडायला बघते म्हणूनच टोपीत घट्ट बसून राहते. दिवसभर तो ताण ती एकटी सोसते. टोक मात्र झाकून ठेवते. कामावर जाणाऱ्या कितीतरी बायकांना हा स्वभाव सांगावा लागणार नाही.

तिला हे रूप दिलं न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने. १० एप्रिल १८४९ रोजी त्याला तिचं पेटंट मिळालं. पंधरा डॉलरचं देणं फेडायचं होतं म्हणून तो तारेशी खेळत बसला होता असं सांगतात. पुढे त्याने हे पेटंट चारशे डॉलरला विकून टाकलं. याच हंटने त्याआधी शिवणयंत्रही तयार केलं होतं, पण त्याचं पेटंट तेव्हा घेतलं नाही. हातशिलाई करणाऱ्या बायकांचा रोजगार जाईल, असं त्याच्या मुलीनेच त्याला बजावलं होतं म्हणतात. ही गोष्ट वाचल्यापासून मला पिन जास्त जवळची वाटते.

आपल्याकडे तिला खांदा मिळाला तो सहावारीमुळे. नऊवारीचा काष्टा कसला, पदर कमरेला खोचला की शेतात, बाजारात, विहिरीवर सगळीकडे भागायचं. पदर खांद्यावर टाचायची रीत पसरण्यात मुंबईचाही हात आहे. सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकरीसाठी या इलाख्यात आले तेव्हा, १८६४ मध्ये, त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी बरोबर आल्या. घराबाहेर पडायचं, चारचौघांत वावरायचं, तर नेसायचं कसं, हा त्यांचा खरा प्रश्न होता. इथल्या पारशी बायकांचं नेसणं पाहून त्यांनी आपली पद्धत बसवली, पदर डाव्या खांद्यावर घेतला. तिथे ब्रोच आला. बंगालमध्ये या नेसण्याला ‘बोम्बाई दस्तूर’ म्हणायचे. ब्रोच श्रीमंताघरचा, आमच्या खांद्यावर त्याचं काम पिन करते.

माझी आणि तिची खरी ओळख नोकरीच्या पहिल्या महिन्यात झाली. साडी सिंथेटिक, सुळसुळीत. पिन लावायची असते हे माहीत होतं, पण घाईत मी ती नुसत्या पदराला लावली होती. साहेबांच्या टेबलावर फाईल ठेवायला वाकले आणि पदर ओघळला. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “कपडे सांभाळता येत नाहीत, फायली काय सांभाळणार?” काहीजण हसले. ते हसू मी अजून विसरलेले नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

आमच्या सेक्शनमधल्या वयाने मोठ्या मॅडम मला रेकॉर्ड रूमच्या बोळात घेऊन गेल्या. साहेबांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. हातातल्या बांगडीला चार-पाच पिना अडकवलेल्या होत्या, त्यातली एक काढली. तिच्यात एक बारका मणी ओवला होता, वेटोळ्यात सूत अडकून ओढलं जाऊ नये म्हणून. पदराच्या घड्या चार बोटं रुंद करून त्यांनी पिन आतून घेतली, ब्लाऊजच्या शिवणीत. नुसत्या कापडात लावली तर फाडते, शिवणीत लावली तर धरते, म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आता हात वर कर. खाली वाक. ती वरची फाईल काढ. राहिला की नाही?”

राहिला.

ऑफिसात नीट कपडे कशाला म्हणायचे, यावर मी पुष्कळ ऐकलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचं परिपत्रक काढलं तेव्हा तर आठवडाभर आमच्या लोकलच्या डब्यात दुसरा विषय नव्हता. साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, ट्राउझर आणि शर्ट, गरज असेल तर दुपट्टा, शुक्रवारी खादी, जीन्स आणि टी-शर्ट नको, असं तेव्हा त्यात होतं. यादीशी माझं भांडण नाही. पण बोळातली ती परीक्षा मला जास्त पटते. हात वर, खाली वाक, फाईल काढ. ज्या कपड्यांकडे त्यानंतर संध्याकाळपर्यंत लक्ष द्यावं लागत नाही, ते नीट. बाईचं डोकं कामात राहायला हवं. पदर कुठे आहे, ओढणी सरकली का, वाकलं तर मागून काय दिसेल, या हिशेबात तिचा दिवस जाऊ नये. तो हिशेब पिन स्वतःकडे घेते. साडी सोडून शर्ट-ट्राउझर घालणाऱ्या आमच्या मुलीही तिला सोडू शकलेल्या नाहीत. छातीवरच्या दोन बटणांमधली फट आतून तीच मिटवते. शर्ट शिवणारे ही फट गेली कित्येक वर्षं तशीच ठेवतात, याचा मला राग येतो.

लेडीज स्पेशल असो की साध्या लोकलचा लेडीज डबा, तिथलं पिनेचं राज्य मी रोज बघते. विकणारी बाई कार्डं गळ्यात माळेसारखी घालून गर्दीतून वाट काढते. आणि कुणीतरी अनोळखी बाई विचारते, “एखादी पिन आहे का गं?” चारजणींचे हात एकदम बांगडीकडे, पर्सकडे जातात. ही वस्तू परत मागायची नसते. पुलावरच्या गर्दीत कुणाचं कोपर मुद्दाम लागायला लागलं तर हीच पिन उघडून मुठीत धरलेली असते. तेव्हा ते झाकलेलं टोक बाहेर येतं.

तिच्यात खोटही आहे. पावसाळ्यात गंजते. साडीवर विसरून राहिली तर सुती कापडावर तांबूस डाग ठेवते, तो पुढे जात नाही. भोकं तर पाडतेच.

आई गेल्यावर तिच्या कचेरीच्या साड्या मी ट्रंकेतून काढल्या. अबोली रंगाची एक सुती साडी मी ऑफिसला नेसायला घेतली. पदर उलगडून खिडकीशी धरला तर खांद्याच्या जागी, एका इंचात, बारीक भोकांची दाटी दिसली. उजेड त्यातून आरपार येत होता. कितीतरी सकाळी तिने त्याच ठिकाणी टाचलं होतं, न बघता, बोटांच्या सवयीने. मीही बोटं तिथेच नेली. पण सूत तिथे विरलं होतं, पिन धरेना. मग मी पदर दोन बोटं खाली ओढून घेतला आणि पिन तिथे लावली. हात वर केला, वाकून पाहिलं, आणि निघाले.