पायाखालची बॅटरी

लंडनला पुतण्याकडे महिनाभर राहून आलो. भुयारी रेल्वेच्या स्टेशनात पहिल्याच दिवशी स्कूटरवर काट मारलेली पाटी दिसली. आपल्याला स्कूटर म्हटली की चेतक आठवते. ती कोण गाडीत चढवणार? ‘काका, ही उभ्याने चालवायची. घडी घालून हातात धरता येते,’ पुतण्या म्हणाला.

*

पाटीमागची हकिकत. १ नोव्हेंबर २०२१, डिस्ट्रिक्ट लाइन, पार्सन्स ग्रीन स्टेशन. डब्यात कोणाच्या तरी ई-स्कूटरने पेट घेतला आणि डबा विषारी धुराने भरला. नशीब एवढेच, की हे स्टेशन उघड्यावर आहे. १३ डिसेंबरपासून बंदी आली. घडीची असो, भाड्याची असो, कुठलीच ई-स्कूटर नेता येत नाही. दंड १००० पौंडांपर्यंत.

पुढे स्पेनमध्येही तेच. बार्सिलोनाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकलमध्ये एका स्कूटरचा स्फोट झाला, १ फेब्रुवारी २०२३ पासून बंदी. माद्रिदच्या मेट्रोत ऑक्टोबर २०२३ मध्ये स्फोट, नोव्हेंबरात बंदी.

*

लंडन आगीबाबत हळवे का, ते किंग्ज क्रॉस स्टेशनात कळते. १८ नोव्हेंबर १९८७ ला लाकडी सरकत्या जिन्याखाली पडलेल्या एका जळत्या काडीने ३१ माणसे गेली. भुयारी स्टेशनांत धूम्रपानाला बंदी तेव्हाही होती. लोक वर येता येता जिन्यावरच सिगारेट पेटवत.

*

कोपऱ्यावरच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात एका स्कूटरचे पोट उघडलेले पाहायला मिळाले. बॅटरी पाय ठेवायच्या फळीखाली असते. ३० सेल, प्रत्येक १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. टॉर्चच्या पेन्सिल सेलचा धिप्पाड भाऊ म्हणा. निकेलच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले, कडेला हिरवे सर्किट. खालच्या झाकणावर फुटपाथच्या कडेला घासल्याचे लांब ओरखडे होते. पावसाचे पाणी, खड्डे, ठोकर, सगळे आधी तिथेच लागते.

सेलच्या आत दोन ध्रुवांमध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो. तो कुठे फाटला की आतल्या आत शॉर्ट, मग उष्णता, मग उरलेला पडदाही वितळतो. एक सेल तापला की शेजारचा तापतो. आधी ज्वाळा दिसेलच असे नाही. पांढरट वाफ फुसफुसत बाहेर येते. लोक तिला धूर समजतात. ती विषारी असते आणि पेटणारीही. विझली म्हणून पाठ फिरवावी, तर पुन्हा पेटते.

*

दुकानातच वहीत केलेला त्या बॅटरीचा हिशेब. ३६ व्होल्ट गुणिले ७.८ अँपिअर-तास म्हणजे सुमारे २८० वॉट-तास. खिशातली १०,००० एमएएचची पॉवर बँक ३७ ची. विमानात परवानगीशिवाय सोबत नेता येते ती जास्तीत जास्त १०० ची. म्हणजे विमानात जिला मज्जाव, अशी साडेसात पॉवर बँकांएवढी बॅटरी घेऊन माणूस गर्दीच्या डब्यात उभा होता. बंदीवर माझी काही तक्रार नाही.

*

तक्रार आहे ती दुसरीकडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेनर्स लेन स्टेशनावर एक ई-बाईक पेटली, तेव्हा ३१ मार्चपासून ई-बाईकही बंद झाल्या; घडीच्या सोडून. साध्या सायकलीला स्वस्तातली मोटर-बॅटरी जोडण्याचे उद्योग घडीच्या सायकलींत कमी होतात, हे त्यामागचे कारण. कारण खोटे नाही. पण सायकलची घडी झाली म्हणून बॅटरी शहाणी होत नाही.

आणखी गंमत म्हणजे स्वतःच्या मालकीची ई-स्कूटर तिथे सार्वजनिक रस्त्यावर चालवणेच बेकायदा. दुकानात मात्र राजरोस विकत मिळते.

*

आपल्याकडे रेल्वेच्या पार्सलात मोटरसायकल घालताना टाकीतले पेट्रोल काढून टाकावे लागते. बॅटरीचे काय काढणार? फार तर चार्ज कमी करता येतो. विमानाच्या मालात सुट्या लिथियम बॅटऱ्या जास्तीत जास्त ३० टक्के चार्ज ठेवून पाठवतात. ९ एप्रिल २०२२ ला नाशिकमध्ये कंटेनरमधून चाललेल्या नव्या, बसून चालवायच्या ई-स्कूटर पेटल्या. २० जळाल्या, माणसे वाचली.

*

गाडीत बंदी आली, म्हणून स्कूटर नाहीशी झाली नाही. ती घरी राहिली. पुतण्याच्या इमारतीत तळमजल्याच्या बोळात एक असायची, बाहेरच्या दाराला टेकून, रात्रभर चार्जरवर, बारीक हिरवा दिवा लावून. वरच्या सहा घरांना बाहेर पडायला तोच एक रस्ता. चौथ्या दिवशी मी स्कूटरवाल्या मुलाचे दार वाजवले. तो बिचारा ओशाळला आणि ती मागच्या अंगणात नेऊन ठेवली.

तुमच्या सोसायटीत जिन्याखाली अशी कोणाची गाडी रात्रभर चार्जिंगला असेल, तर आजच त्याचे दार वाजवा.