समुद्र लागलेली लेन्स

मुलगा 2016 च्या जूनमध्ये शिकायला पुण्याला गेला आणि तीन फुटांचा समुद्र माझ्या ताब्यात देऊन गेला. हैदराबादेत काचीगुड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, देवघरासमोरच्या भिंतीला ती काचेची टाकी. साधारण 180 लिटर पाणी, दोन क्लाऊनफिश आणि भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांवर वाढणारे मऊ प्रवाळ. दगडी प्रवाळ आम्ही कधी ठेवले नाहीत. 2001 पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहेत, आणि त्यांची जागा समुद्रातच आहे असं मला मनापासून वाटतं.

आमच्या शहरापासून समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर. तो घरात ठेवायचा तर विकत घ्यावा लागतो. लिटरमागे 35 ग्रॅम मीठ, तेही या कामासाठीच बनवलेलं. हैदराबादचं बोअरचं पाणी जड, म्हणून ते आरओतून काढायचं. जितकं शुद्ध मिळेल त्याच्या दुपटीहून जास्त वाया जातं, त्यात मी फरशी पुसायची. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर आणि टाकीत मात्र सव्वीसच्या आत, त्यामुळे चिलर दिवसभर घरघरायचा. विजेचं बिल मी मुलाला कधी सांगितलं नाही.

त्याची मागणी एकच होती. दर रविवारी फोटो. हौस म्हणून नव्हे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला बरंचसं अन्न करून देतं. पाणी तापलं की ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ फिका पडतो. रंग उतरू लागला की चार दिवसांत काहीतरी करावं लागतं. "आई, रंग कसा आहे?" असं तो विचारायचा आणि मी फोनवर काढलेला फोटो पाठवायची. त्यात सगळं निळं. मासे निळे, वाळू निळी, हिरव्या मशरूम प्रवाळावर तर नुसता निळा भडका. टाकीवरचे दिवेच निळे असतात, कारण प्रवाळाला तोच उजेड लागतो. आपला डोळा त्याला सरावतो, कॅमेरा सरावत नाही. मला समोर नारिंगी दिसायचं आणि त्याला पुण्यात जांभळट डाग.

काचीगुडा स्टेशनकडून बडी चावडीकडे येताना एक जुना फोटो स्टुडिओ होता. 1916 च्या त्या स्टेशनवर परभणी-नांदेडकडून उतरलेल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांचे मुंजीचे, लग्नाचे, पासपोर्टचे फोटो तिथेच निघाले. माझाही लग्नाआधीचा 'दाखवायचा' फोटो तिथलाच. मालकांना सगळे चाचा म्हणायचे. मी फोन पुढे करून विचारलं, या निळ्याचं काय करू? त्यांनी बराच वेळ तो फोटो पाहिला आणि म्हणाले, "घर पे आके देखना पड़ेगा, बेटी."

पंच्याहत्तरीचा माणूस दोन जिने चढून आला. बरोबर पिशवीत कॅमेरा, शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आणि जुन्या प्लेट कॅमेऱ्याचं काळं कापड. त्यांच्या स्टुडिओत राजा दीनदयाळ यांच्या फोटोंचं एक कॅलेंडर होतं. निजामाचा हा छायाचित्रकार, 1886 मध्ये सिकंदराबादेत स्टुडिओ थाटणारा, म्हणजे चाचांना पीरासारखा. टाकीसमोर उकिडवं बसत ते म्हणाले, "दीनदयाल साहब शीशे पे फोटो उतारते थे, तुम शीशे में से उतार रैं. शीशे का मिज़ाज समझो पहले."

मग त्यांनी मला जे शिकवलं ते मी आजही त्याच क्रमाने करते. खोलीतले दिवे बंद, खिडकीला चादर. माझ्या आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरून काळं कापड, म्हणजे काचेत आपलं प्रतिबिंब उमटत नाही. आतल्या बाजूने काचेवरचं शेवाळ जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडायचं. लेन्स काचेला अगदी काटकोनात. जरा तिरकी झाली की कडा फाटतात, रंग सुटे होतात. आणि पंप बंद. "पहले पानी कू सुला दो," ते म्हणायचे. पंप बंद झाला की प्रवाळ हलायचा थांबतो, पण पाण्याचा श्वासही थांबतो, म्हणून फार तर पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत क्लाऊनफिश एकदाही सरळ उभा राहत नाही, आणि काचेवर बोट आपटलं तर प्रवाळ मिटतो तो अर्धा तास उघडत नाही.

निळ्याचा उपाय त्यांच्या खोक्यात होता. स्टुडिओतल्या दिव्यांवर लावायचा नारिंगी जिलेटीन पेपर. त्याचा चौकोन कापून त्यांनी लेन्सपुढे धरला. मग माझ्याकडून दह्याच्या डब्याचं पांढरं झाकण मागून घेतलं, पाण्यात उतरवलं आणि कॅमेऱ्याला सांगितलं, हे पांढरं. पुढच्या फोटोत वाळू वाळूसारखी आली. मशरूमच्या हिरव्या अंगावरचे लाल ठिपके मी स्वतःसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मुलाचा रात्री फोन आला, तो काही वेळ बोललाच नाही.

कॅमेरा मी हप्त्याने घेतला. लेन्स घेण्याची ऐपत नव्हती. चाचांनी त्यांचीच माझ्याकडे ठेवली. "मेरे पास अब शादियाँ कहाँ आतीं," एवढंच म्हणाले.

पुढच्या मार्चमध्ये माझ्या हातून ते झालं. पाणी बदलताना टाकीतली पातळी खाली गेली होती. फोटो काढून झाल्यावर मी घाईत पंप सुरू केला आणि पाण्याची धार काठावरून थेट लेन्सवर आली. मी ती पदराने पुसली, पिशवीत ठेवली. खाऱ्या पाण्याला गोड्या पाण्याने पुसावं लागतं हे तेव्हा सुचलं नाही. दोन आठवड्यांनी बघते तो तळाशी हिरवट गंज, आतली मोटर बंद. कोठीच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने मान हलवली.

मी लेन्सच्या किमतीचे पैसे जमवायला चार महिने घेतले. त्या चार महिन्यांत स्टुडिओच्या गल्लीतून गेले नाही, लांबून वळसा घालून बाजारात जायची. शेवटी पाकीट आणि लेन्स त्यांच्या काउंटरवर ठेवली. चाचांनी लेन्स उचलली, डोळ्याला लावली, कडं फिरवलं.

"हात से घूमता है ना?"

"हो."

"बस." पाकीट त्यांनी माझ्या पर्समध्ये परत कोंबलं. "इसकू अब समंदर लग गया. तुम्हारेच घर में रहेगा." त्यांनी फक्त एक प्रिंट मागितली. ती त्यांच्या शोकेसमध्ये, एका नवरीच्या आणि एका शाळकरी मुलाच्या मधोमध, स्टुडिओ बंद होईपर्यंत होती.

2020 च्या पावसाळ्यात चाचा गेले. तेव्हा कुणाकडे जाता येत नव्हतं; मी गेले नाही. तिथे आता शटर आहे. पाकिटातले पैसे मी खर्च केलेले नाहीत.

लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवलेली असते. रविवारी सकाळी फोकस हाताने फिरवते. काम झालं की आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसते, मग कोरड्याने.